तेवीस भोकं

त्रुटीसाहेबांना रिकामी जागा सहन होत नसे. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं, ते तिथेच सुखात राहो. परवाना खात्यात अठ्ठावीस वर्षं ते एकच काम निष्ठेने करत आले होते. अर्ज उघडायचा, त्यातला रिकामा रकाना शोधायचा आणि लाल शाईने 'त्रुटी' असं लिहून तो परत पाठवायचा. रकाना लागू नसेल तर 'लागू नाही' असं लिहावं लागे, आणि 'लागू नाही' लिहिलं तर का लागू नाही ते वेगळ्या कागदावर जोडावं लागे. एका बाईंचा अर्ज त्यांनी सात वेळा परत पाठवला होता. आठव्या वेळी तो त्या बाईंच्या मुलीने आणून दिला, कारण तोवर ती सज्ञान झाली होती.

अशा माणसाचा एका रविवारी दोरीवरचा मोजा खाली पडला. घराच्या पश्चिमेच्या बाजूला, भिंतीच्या अगदी बुडाशी. त्रुटीसाहेब उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. बायकोला वाटलं, कंबर धरली. तसं काही नव्हतं. त्यांना भोक दिसलं होतं.

घर बाहेरून उघड्या विटांचं होतं, गिलावा नसलेलं. जोत्याच्या लगेच वरच्या थरात, दोन विटांच्या मधल्या उभ्या सांध्यात, बोटभर रुंदीची फट होती. सिमेंट भरलेलंच नव्हतं. त्यातून एक मुंगी बाहेर आली, इकडेतिकडे बघून घेतलं आणि घरमालकिणीच्या थाटात परत आत गेली. अडीच फुटांवर दुसरं भोक. त्यापुढे तिसरं. त्रुटीसाहेब पश्चिमेची आणि मागची अशा दोन्ही भिंती रांगत फिरले आणि त्यांनी मोजदाद केली. तेवीस. आपल्या घरात तेवीस त्रुटी आहेत आणि आपण त्यात बिनघोर झोपतो आहोत, हे कळल्यावर त्यांना सकाळचा चहा गोड लागला नाही.

एवढ्यात कुंपणाच्या भिंतीवरून सर्वज्ञ डोकावले. सर्वज्ञ म्हणजे शेजारी. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जगातल्या सर्व विषयांचा कार्यभार स्वीकारला होता.

"हे गवंड्यांचं नेहमीचं आहे, साहेब," ते म्हणाले. "माल संपत आला की खालचे सांधे सोडून देतात. खाली कोण बघतंय? आता त्यातून पाल शिरेल, विंचू शिरेल. माझ्या साडूच्या घरात तर अख्खा साप निघाला होता."

"मग बुजवून टाकतो."

"टाकाच. पण प्रमाण सांभाळा हं. सिमेंट जास्त झालं की तडकतं. चार वाट्या वाळूला अर्धी वाटी सिमेंट. लोकांना हे माहीत नसतं."

लोकांना हे माहीत नसतं, कारण ते खोटं असतं. पण फुकटच्या सल्ल्याची पावती कोण मागणार?

तिथेच घराच्या भिंतीला टेकून वेताच्या खुर्चीत नाना बसले होते. नाना म्हणजे त्रुटीसाहेबांचे वडील, वय वर्षं एक्याऐंशी. हातात लांब दांड्याची, पोलादी टोकाची काळी छत्री. ती उघडण्यापेक्षा टेकण्याच्या कामी जास्त येई. हे घर नानांनीच बांधून घेतलं होतं. आठ महिने ते रोज त्याच छत्रीसह गवंड्याच्या डोक्याशी उभे राहिले होते. त्याला ऊन लागू नये म्हणून नव्हे, त्याने चुकारपणा करू नये म्हणून.

"अरे, ती भोकं..." नाना म्हणाले.

"नाना, तुम्ही बसा निवांत."

"नाही, मी म्हणत होतो, त्या गवंड्याने..."

"त्याचं नाव नका काढू. त्याचीच करणी निस्तरतोय. बसा निवांत."

नाना बसले. या वयात माणसाला घरात जी मानाची कामं मिळतात, त्यांत निवांत बसणं हे पहिलं.

त्रुटीसाहेबांनी वाट्यांनी वाळू मोजली, सिमेंट कालवलं आणि स्वयंपाकघरातलं उलथनं आणून कामाला सुरुवात केली. बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, ते माझं उलथनं आहे."

"धुऊन देतो की."

"नको. आता ते भिंतीलाच ठेवा."

संध्याकाळपर्यंत तेवीसच्या तेवीस भोकं भरली. मधे दोनदा नानांनी घसा खाकरला आणि दोन्ही वेळा त्यांना निवांत बसवण्यात आलं. त्रुटीसाहेबांनी भिंतीचे फोटो काढून घरच्यांच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'सर्व त्रुटींची पूर्तता.' दुसऱ्या शहरात चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, अंगठा पाठवला. दादा आयुष्यभर धाकट्याला अंगठाच पाठवत आला होता. तरीही त्या दिवशी तो गोड वाटला.

पुढे पाऊस आला. तो दरवर्षीसारखाच आला, त्याची काही चूक नव्हती. तीनेक आठवड्यांनी नानांच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर बशीएवढा डाग उमटला. चार दिवसांत बशीचं ताट झालं. मग रंगाला फुगे आले, फुग्यांचे पोपडे झाले, पोपड्यांच्या खाली पांढरं मीठ फुललं. मागच्या खोलीतही तेच. कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागला. नानांना खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा.

"ओल आहे," सर्वज्ञ भिंतीवर टकटक करून म्हणाले. भिंतीतून पाणी येतंय हे कळायला एवढा अनुभव लागतो. "साहेब, ही जमिनीतून वर चढते. दिव्याची वात तेल ओढते ना, तशी. नशीब म्हणा, तुम्ही भोकं बुजवलीत. नाहीतर बाहेरूनही पाणी आत आलं असतं."

त्रुटीसाहेबांनी खरंच नशीब म्हटलं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण पुढे तिचं काम आहे. नानांच्या बाहेरच्या खुर्चीखाली रोज थारोळं दिसू लागलं. पाऊस थांबून दिवस उलटला तरी खुर्चीखालची फरशी ओलीच. बायकोने दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी हळू आवाजात नवऱ्याला सांगितलं, "नानांचा हात थरथरायला लागलाय. पाणी सांडतात ते. बोलू नका काही, वाईट वाटेल त्यांना." त्रुटीसाहेब काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त बाजारातून झाकणाचा ग्लास आणला, लहान पोरांचा, वर नळी असलेला. नानांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"हे काय?"

"सोयीचं असतं, नाना."

"कोणाच्या सोयीचं?" नानांनी विचारलं. आणि त्यांनी नळी तोंडात धरली.

यानंतर घरात 'भिंतींचे डॉक्टर' आले. असं त्यांच्या कार्डावरच छापलेलं होतं. हातात मोबाइलएवढं यंत्र. ते भिंतीला लावलं की वाजायचं. जिथे पाणी डोळ्यांना दिसत होतं तिथे ते फारच खात्रीने वाजलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि घरच्यांना धीर धरायला सांगितलं. त्यांचा उपाय असा होता: बाहेरच्या भिंतींना जोत्यापासून छतापर्यंत रबरी लेप द्यायचा. घराला रेनकोटच. नमुना म्हणून आतून हातभर जागेवर रसायन लावून दाखवतो, फरक तुम्हीच बघा, असं ते म्हणाले. पण चिंब भिंतीवर रसायन धरेना. शेवटी नानांच्या खोलीतलं कपाट सरकवलं तेव्हा त्यामागे थोडीशी कोरडी जागा सापडली. तिथे रसायन लावलं. तीन दिवसांनी येऊन पाहतात तो ती जागा कोरडी ठणठणीत!

"बघितलंत?" डॉक्टर म्हणाले.

कोरड्या जागी लावलेलं औषध कोरडं राहिलं, या चमत्काराने त्रुटीसाहेब भारावून गेले. ती जागा मुळात कोरडी का होती, हे विचारावं असं अठ्ठावीस वर्षं प्रश्नच विचारत आलेल्या त्या माणसाला सुचलं नाही. पलंगावरून नाना म्हणाले, "अरे, त्या जागेच्या बरोबर बाहेर..." पण तेवढ्यात खोकल्याची उबळ आली आणि सगळ्यांनी मिळून त्यांना निवांत झोपवलं.

रबरी लेपासाठी नगरपालिकेची परवानगी लागत होती. बाह्य भिंतीचं रूप बदलत असेल तर अर्ज, नकाशा आणि चार प्रती. त्रुटीसाहेबांनी अर्ज भरला, तोही असा की शाळेत फळ्यावर लावावा. टेबलामागच्या कारकुनाने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत सरकवला.

"नऊ नंबरचा रकाना रिकामा आहे."

त्रुटीसाहेबांच्या कानात काहीतरी वाजलं. नऊ नंबर म्हणजे 'ओलाव्याचे कारण'.

"अहो, कारणच कळलेलं नाही. म्हणून तर..."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"मग 'अज्ञात' लिहितो."

"अज्ञात हे कारण यादीत नाही. यादी मागे छापली आहे. छत, नळ किंवा शेजारी. एकावर खूण करा."

"पण यांतलं एकही लागू नाही!"

"मग तिन्ही का लागू नाहीत ते वेगळ्या कागदावर जोडा. तिन्हींच्या दाखल्यांसह." कारकुनाने लाल पेन उचललं आणि अर्जाच्या कोपऱ्यात वळणदार अक्षरात 'त्रुटी' असं लिहिलं. त्या क्षणीही त्रुटीसाहेबांच्या मनात आलं, अक्षर चांगलं आहे याचं. मग मात्र त्यांना फार अपमान वाटला. घरच्या म्हाताऱ्या माणसाला रात्रंदिवस खोकला आहे, हे कोणत्या रकान्यात लिहायचं? अर्जात त्याला जागाच नव्हती.

छताला दाखला हवा, नळाला दाखला हवा. उरला शेजारी. शेजाऱ्यावर खूण केली की काम पुढे सरकतं, एवढंच त्यांना कारकुनाने सांगितलं. कुठे सरकतं ते नाही सांगितलं. ते सरकलं थेट सर्वज्ञांच्या दारात. आठवड्याभरात त्यांना नोटीस मिळाली: 'आपल्या मिळकतीतून शेजारच्या बाह्य भिंतीत पाणी सोडल्याबद्दल खुलासा करावा.' चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फक्त हा संन्यासी गप्प बसणाऱ्यांतला नव्हता.

"मी पाणी सोडतो?" सर्वज्ञ नोटीस नाचवत कुंपणाशी आले. "मी तुम्हाला वाळूचं प्रमाण सांगितलं, ते हे दिवस बघायला? यापुढे माझ्याकडून एका शब्दाचा सल्ला मिळणार नाही!"

सगळ्या प्रकरणात घराचा झालेला हा एवढाच फायदा.

मग पाहणीसाठी निरीक्षक आले. त्यांनी चिंब भिंत पाहिली, कपाटामागची कोरडी जागा पाहिली आणि मान हलवली. भिंत पूर्ण ओली नाही, सबब ही 'अंशतः ओल' आहे. तिचा नमुना वेगळा, टेबलही वेगळं, आणि त्या टेबलावरचे साहेब रजेवर. त्रुटीसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी रजेला शिवी दिली. मनातल्या मनात.

आणि त्या शुक्रवारी दादाचा फोन आला.

"रविवारी गाडी घेऊन येतोय. नानांना घेऊन जातो."

"अरे, पण होतंय ते काम..."

"काय होतंय? फोनवर मला खोकला ऐकू येतोय त्यांचा. आणि त्यांच्या हातून पाणीही सांडतं म्हणे. चौदाव्या मजल्यावर ओल चढत नाही. कायमचेच राहू देत इकडे. तुझ्याच्याने नाही व्हायचं ते."

फोन ठेवल्यावर त्रुटीसाहेब बराच वेळ पश्चिमेच्या बाजूला उभे होते. दादा जिंकला याचं त्यांना वाईट वाटलं, हे खरंच आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण नंतर त्यांचं लक्ष वेताच्या खुर्चीकडे गेलं. रविवारनंतर ती रिकामी असणार होती. रिकाम्या रकान्यात काही ना काही लिहिता येतं, 'लागू नाही' तरी लिहिता येतं. इथे काय लिहिणार?

नानांना कोणी विचारलं नाही. निवांत बसणाऱ्याला काय विचारायचं? त्यांनी आपली बॅग आपणच भरली. चार सदरे, चष्म्याची डबी, औषधं. झाकणाचा ग्लास तेवढा बाहेर ठेवला.

"तिकडे बाहेर बसायला काय आहे रे?" त्यांनी विचारलं.

"गॅलरी आहे, नाना."

"केवढी?"

"असेल दीड-दोन फूट."

"म्हणजे खुर्ची नाही मावणार," असं म्हणून नानांनी बॅगेची चेन लावली.

रविवारी सकाळी बॅग दारात येऊन बसली, पण नाना खोलीत नव्हते. बाहेरून ठक ठक आवाज येत होता. रात्रभर पडून पाऊस नुकताच थांबला होता. त्रुटीसाहेब पश्चिमेच्या बाजूला गेले आणि बघतच राहिले. नाना बुटक्या स्टुलावर बसले होते. छत्री भाल्यासारखी धरून तिचं पोलादी टोक ते भिंतीच्या बुडाशी, विटांच्या सांध्यात खुपसत होते.

"नाना! अहो, काय करताय?"

"जायच्या आधी एवढं दुसरं मोकळं करतो." नानांनी छत्री फिरवली. सिमेंटचा खडा गळून पडला आणि मागोमाग भोकातून पाणी आलं. थेंब थेंब नव्हे, चांगली करंगळीएवढी धार. पिवळट, कुबट, कित्येक आठवडे कोंडलेलं पाणी भळाभळा वाहू लागलं.

"या भिंती दोन आहेत," नाना म्हणाले. "बाहेरची वेगळी, आतली वेगळी, मधे चार बोटं पोकळी. वीट पाणी पितेच. ते पोकळीत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. म्हणून भोकं ठेवायची असतात. गवंडी आळस करत होता, मी उभा राहून करून घेतली त्याच्याकडून. एकूण एक. तेवीस."

"आणि तुम्ही दुसरं म्हणालात. पहिलं कुठलं?"

नानांनी छत्रीने खुर्चीखाली दाखवलं. खुर्चीच्या मागच्या दोन पायांच्या मधोमध एक भोक उघडं होतं आणि त्यातून पाणी फरशीवर पाझरत होतं. "तू बुजवलंस त्याच संध्याकाळी उकरलं. ओलं होतं, बसल्या जागी हात पोचला. बाकीच्यांपाशी वाकवेना."

त्रुटीसाहेबांनी थारोळ्याकडे पाहिलं. मग त्याच्या सरळ रेषेत वर, आतल्या कपाटामागच्या हातभर कोरड्या जागेची कल्पना केली. मग त्यांना झाकणाचा ग्लास आठवला आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शिवाय त्या कळशाला आपण नळी लावून दिली!

"नाना, मग सांगितलं का नाहीत?"

"सांगत होतो की. तू म्हणालास, बसा निवांत."

चूक एवढी सरळ होती की तिला जोडपत्रही लागत नव्हतं. त्रुटीसाहेब चिखलात मांडी घालून बसले. भिंतीलाच ठेवलेलं ते उलथनं त्यांनी उचललं आणि त्याच्या दांड्याने तिसरं भोक उकरायला लागले. सिमेंट पटकन सुटलं.

"तुझ्या हातचा माल होता म्हणून बरं," नाना म्हणाले. "गवंड्याने भरलं असतं तर निघालं नसतं."

नऊ भोकं मोकळी झाली, नऊ धारा लागल्या. पलीकडून सर्वज्ञांचं डोकं वर आलं. "साहेब, मी तर तेव्हाच म्हणालो होतो की..." एवढं बोलल्यावर आपण बोलत नाही आहोत हे त्यांना आठवलं आणि डोकं खाली गेलं. बायको बाहेर आली. तिने धारा पाहिल्या, खुर्चीखालचं भोक पाहिलं, नवऱ्याचा चिखल पाहिला. ती आत गेली आणि नानांसाठी साध्या कपात चहा घेऊन आली, काठोकाठ भरलेला. नानांनी कप घेतला. त्यांच्या हातातून थेंबही सांडला नाही.

त्याच वेळी फाटकाशी गाडी थांबली. दादा उतरला. त्याने दारातली बॅग पाहिली, चिखलातला भाऊ पाहिला आणि मग विटांचा खालचा थर.

"अरे, ही काय भोकं? आणि पाणी काय गळतंय? मुंग्या शिरतील, साप शिरेल. आण ते सिमेंट इकडे, मी बुजवून देतो."

त्रुटीसाहेबांच्या जिभेवर 'दादा, तू बस निवांत' एवढं तयार होऊन आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"आधी नानांना विचार," ते म्हणाले.

हे वाक्य त्या घरात कित्येक वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं. नानांनी कप खाली ठेवला, छत्री मांडीवर आडवी घेतली आणि घसा खाकरला. या वेळी खोकला नव्हता.

"पाया खणायला घेतला," नानांनी सुरुवात केली, "तो मंगळवार होता..."

दादाने घड्याळाकडे पाहिलं.

"दादा," त्रुटीसाहेब दहावं भोक उकरत म्हणाले, "ती दारातली बॅग आत नेऊन ठेव. याला वेळ लागणार आहे."